गजरीला शिव्या देऊन तुरीचा भाव वाढणार नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दिवाळी सरली की लातूरच्या मोंढ्यात ‘गजरी’चा भाव विचारला जाऊ लागतो. गजरी म्हणजे मोझांबिकची तूर. टांझानियाहून येते ती मटवारा नाहीतर अरुशा, ब्रह्मदेशाची ती लेमन. ही नावे मुंबईच्या दाणाबाजारातली. आता आपल्या दालमिलवाल्यांच्या तोंडी बसली आहेत. औसा-निलंग्याच्या कास्तकाराने गजरी बहुधा डोळ्यांनी पाहिलेली नसते. पण त्याच्या शेंगा भरायच्या आत गजरीचा भाव त्याच्या कानावर आलेला असतो, कारण त्याचा सौदा त्याच भावाच्या आगेमागे होणार असतो.

गरीब देशांना दान देऊ नका, व्यापारात न्याय द्या, असे जगभर म्हटले जाते. म्हणणे खरे आहे. पण तो न्याय मोझांबिकच्या झांबेझिया किंवा नांपुला प्रांतातल्या तूरवाल्याला दिला तर लातूरच्या तूरवाल्याचे काय करायचे, हा प्रश्न मराठवाड्यात बसून टाळता येत नाही. आयातीविरुद्ध लिहिणारे आफ्रिकेतल्या शेतकऱ्याला विसरतात आणि खुल्या व्यापाराची बाजू घेणारे आपल्याला. आमच्या मते हे दोघे एकमेकांचे वैरी नाहीत. दोघांचाही घात होतो तो पेरणी झाल्यावर बदलणाऱ्या नियमांनी. हे आकड्यांनिशी मांडायचे म्हणून पत्र लांबले आहे, त्याबद्दल क्षमस्व.

आधी तुरीचा हंगाम पाहू. आपल्याकडे जूनअखेर-जुलैत सोयाबीनच्या ओळींमध्ये तूर पेरतात. काढणी डिसेंबरच्या उत्तरार्धात सुरू होते आणि जानेवारी-फेब्रुवारीत मोंढा भरून वाहतो. मोझांबिक, मलावी, टांझानिया विषुववृत्ताच्या दक्षिणेला. तिथला पावसाळा आपल्या हिवाळ्यात येतो. तूर नोव्हेंबर-डिसेंबरच्या सुमारास पेरली जाते आणि ऑगस्ट-सप्टेंबरात निघते. नाकाला किंवा बैरा बंदरातून निघालेला कंटेनर दोन-तीन आठवड्यांत न्हावा-शेव्याला लागू शकतो. म्हणजे सप्टेंबर ते नोव्हेंबर हे तिचे येण्याचे दिवस. तेव्हा आपल्याकडची जुनी तूर संपत आलेली असते, दालमिलांना माल मिळत नाही आणि शहरात सणासुदीला डाळ महागते. दोन देशांचे हंगाम इतके नीट जुळावेत असे पीक विरळाच. तरी भांडण लागते, कारण आयातीची मुभा महिन्यांना बांधलेली नाही. दार बारा महिने सताड उघडे. मुंबईच्या गोदामात धरून ठेवलेली गजरी जानेवारीत बाहेर निघते, त्याच सुमाराला ब्रह्मदेशाची नवी लेमन येऊ लागते, आणि बदनापूर संशोधन केंद्राच्या वाणांची आपली ताजी तूर या दोघींच्या कात्रीत सापडते.

हे कसे घडत गेले ते विसरून चालणार नाही. २०१५ साली तूरडाळ किरकोळीत २०० रुपये किलोपर्यंत गेली. घाबरून जुलै २०१६ मध्ये मोझांबिकशी करार झाला: पहिल्या वर्षी १ लाख टन, पाचव्या वर्षापर्यंत वाढवत २ लाख टन. त्या भरवशावर तिथे तुरीचा पेरा वाढला. इकडेही चढा भाव बघून शेतकऱ्याने तूर पेरली, पाऊस चांगला झाला आणि २०१६-१७ मध्ये देशात ४५ लाख टनांहून जास्त तूर पिकली, आदल्या वर्षाच्या जवळपास दुप्पट. हमीभाव बोनससह ५,०५० रुपये होता आणि मोंढ्यात कित्येक सौदे चार हजारांच्या खाली झाले. मग ५ ऑगस्ट २०१७ रोजी सरकारने करारातला माल वगळता तुरीची आयात वर्षाला २ लाख टनांवर बांधून टाकली. तारीख लक्षात घ्या. आपली तूर विकून झाली होती, त्यामुळे इथल्या शेतकऱ्याला त्या निर्णयाचा काडीचा उपयोग झाला नाही; आणि आफ्रिकेतली तूर नेमकी काढणीला आली होती. तिथे तूर फारशी खाल्ली जात नाही, ती पिकते भारतासाठी. गिऱ्हाईक एकच, आणि त्यानेच माल दारात आल्यावर दुकान बंद केले. तिथल्या गावबाजारात भाव कोसळला. एकाच वर्षात लातूरचाही बुडाला आणि नांपुलाचाही.

मे २०२१ मध्ये गाडी उलटी फिरली. टनांची मर्यादा उठली. मोझांबिकचे २ लाख, ब्रह्मदेशाचे १ लाख आणि मलावीचे ५० हजार टन असे पाच वर्षांचे करार झाले. खुल्या आयातीची मुदत मात्र तुकड्या-तुकड्यांनी वाढवत नेण्यात आली. २०२४-२५ मध्ये तुरीची आयात १२ लाख टनांच्या वर गेली, म्हणजे करारात कबूल केलेल्या साडेतीन लाखांच्या जवळपास साडेतीन पट. २०२५ च्या सुरुवातीला नवी तूर मोंढ्यात आली तेव्हा भाव ७,५५० च्या हमीभावाखाली उतरले होते. त्यातच डिसेंबर २०२३ पासून पिवळा वाटाणा शुल्काशिवाय येत होता. हा वाटाणा बेसनात हरभऱ्याच्या जागी जातो आणि हरभरा पडला की तुरीलाही ओढतो. त्याच्यावर ३० टक्के शुल्क बसायला १ नोव्हेंबर २०२५ उजाडावे लागले. वाटाणा येतो प्रामुख्याने कॅनडा आणि रशियातून. गरीब देशांना बाजार द्यायचा म्हणून दार उघडे ठेवले, ही सबब तिथे तरी चालणार नाही.

उपाय अवघड नाही, पण तो तपशिलात आहे. मोझांबिक, मलावी, टांझानिया आणि ब्रह्मदेश हे चारही अल्पविकसित देशांच्या यादीत आहेत. अशा देशांच्या मालाला भारताने २००८ पासून आपणहून शुल्कसवलत दिली आहे आणि २०१४ मध्ये ती सुमारे ९८ टक्के वस्तूंना लागू केली. विकसनशील देशांत असे पाऊल टाकणारा भारत पहिला, हे सांगायला हवे. ही सवलत आपल्या खुशीची आहे, त्यामुळे ती महिन्यांना बांधताही येते. युरोपीय संघ संत्री आणि टोमॅटोवर हंगामाप्रमाणे वेगवेगळे शुल्क लावतो आणि ते जागतिक व्यापार संघटनेच्या चौकटीत बसते. मग आपण तुरीला तसे का करू नये? १ ऑगस्ट ते ३० नोव्हेंबर शुल्क शून्य. १ डिसेंबर ते ३१ मार्च हमीभाव आणि आयात भाव यांतला फरक भरून काढेल इतके शुल्क. पुढे पुन्हा उतरते. एकदा ठरवले की पाच वर्षे हात लावायचा नाही.

यात फसवणूक कुठे होईल तेही सांगतो. शुल्क कोणत्या तारखेला मोजायचे, यावर सगळा खेळ आहे. तुरीचा कंटेनर कस्टम्सच्या बंधित गोदामात, म्हणजे शुल्क भरेपर्यंत माल ठेवायच्या जागी, ठेवला तर माल सोडवण्याचे कागद दाखल केल्याच्या दिवशीचा दर लागतो. म्हणजे मार्चमध्ये आलेला माल बंधात ठेवून ऑगस्टमध्ये सोडवता येईल. उलट मुदतीच्या शेवटच्या आठवड्यात कागदावर लाखो टन सोडवून घेतले जातील आणि ते जानेवारीत मोंढ्यावर ओतले जातील. म्हणून सवलत जहाजात माल चढल्याच्या तारखेला, म्हणजे बिल ऑफ लॅडिंगला, बांधावी. ती शेवटची तारीख ३१ ऑक्टोबर असावी, आणि आयात मालाला साठ्याची मर्यादा डिसेंबरात लागू व्हावी. हे केले नाही तर हंगामी शुल्काचा फायदा बड्या आयातदाराला होईल, कारण गोदाम त्याच्याकडे आहे. नांपुलाच्या शेतकऱ्याकडे नाही आणि औशाच्याही नाही.

आता दुसरी गोष्ट, जी गरीब देशांना खरोखर गरीब ठेवते: कच्चा माल सुखाने जातो, पक्का अडतो. तूर घ्या. वीस फुटी कंटेनरमध्ये साधारण २४ टन तूर बसते, ५० किलोची ४८० पोती. दालमिलमध्ये ती चाळून तिची प्रतवारी होते, रोलरवर साल खरवडली जाते, क्विंटलला पाव ते अर्धा किलो तेल चोळून ढीग रात्रभर मुरवतात, दोन-तीन दिवस उन्हात फिरवतात, पाण्याचा हात मारून पुन्हा मुरवतात आणि मग फोडतात. हाती येते क्विंटलमागे ७० ते ७२ किलो डाळ. बाकी टरफल, चुनी आणि तुकडा. म्हणजे त्या कंटेनरमधले सात टन टरफल-चुनी आपण समुद्र ओलांडून आणतो. चुनी आपल्या गोठ्यात जाते, मजुरी लातूरच्या मिलमध्ये राहते, आणि मोझांबिकच्या वाट्याला फक्त पोत्याचा भाव. डाळ तिथेच फोडली तर चुनी तिथल्या कोंबड्यांना आणि गुरांना मिळेल, रोजगार तिथे उभा राहील.

पण एवढे सोपे असते तर झाले असते. सालासकट तूर टिकते. फोडलेली डाळ ओल लागली की लवकर बिघडते. १२ टक्क्यांच्या वर ओलावा असलेला माल बंदरावर महिनाभर तापला की भुंग्याने पोखरलाच समजा. तिथे वीज खात्रीची नाही, डिझेलवर मिल चालवली तर खर्च वाढतो. शिवाय धुरीचे प्रमाणपत्र, वनस्पती-आरोग्याचा दाखला, मूळ देशाचा दाखला, हे सगळे कागद एकाच तारखेला जुळायला हवेत. आपल्या सवलत योजनेत मालात निदान ३० टक्के मूल्यवाढ त्या देशात झालेली असावी आणि त्याचे शुल्क-वर्गीकरणही बदललेले असावे, अशी अट आहे. तिथेच पिकलेल्या तुरीला ती अडत नाही. पण बाहेरून सूत आणून कापड विणणाऱ्या छोट्या देशाला अडते. बंदरावर एक शिक्का चुकला की कंटेनर पडून राहतो आणि रोजचे भाडे चढते. बडा व्यापारी ते सोसतो, तिथली शेतकरी सहकारी संस्था सोसत नाही. म्हणून पहिल्या टप्प्यात करारातल्या मालापैकी दहा टक्के डाळीच्या रूपात घ्यायचे ठरवावे, तपासणी एकदाच आणि तिकडच्या बंदरावर व्हावी, यंत्रे आणि फिटर लातूरहून जावेत. आपल्या दालमिलवाल्यांना हे रुचणार नाही, याची कल्पना आहे. पण गजरी डाळ होऊन आली म्हणून लातूरची मिल बंद पडणार नाही. ती बंद पडते ती माल नसल्याने.

दुसऱ्यांना बोल लावताना आपण स्वतः काय करतो तेही पाहावे. युरोपात कच्च्या कॉफीच्या बियांवर शुल्क शून्य आणि भाजलेल्या कॉफीवर साधारण ७.५ टक्के. कोको बियांवर शून्य, चॉकलेटवर भरपूर. जगातला निम्म्याहून अधिक कोको आयव्हरी कोस्ट आणि घाना पिकवतात आणि चॉकलेटच्या पैशातला चतकोर वाटाही त्यांच्या शेतकऱ्याकडे जात नाही. २०१९ मध्ये या दोन देशांनी एकत्र येऊन टनामागे ४०० डॉलर जास्त मागायचे ठरवले, हे धाडसच. हे सगळे आपण मान हलवत वाचतो. पण आपल्या काजूचे काय? आफ्रिकेतून येणाऱ्या कच्च्या काजूवर मूळ शुल्क २.५ टक्के. काजूगरावर २०१९ च्या अर्थसंकल्पाने ते ४५ वरून ७० टक्के केले, वर अख्ख्या गराला किलोमागे ७२० आणि तुकड्याला ६८० रुपये किमान आयात किंमत. कोकण-कोल्लमच्या कारखान्यांतल्या बायांची मजुरी वाचवायची आहे, हे कारण मान्य. मग युरोपचे कारणही तेच असते. बेनिनने अखेर २०२४ पासून कच्च्या काजूची निर्यातच थांबवली.

निर्यातबंदीचेही तसेच. सप्टेंबर २०२२ मध्ये तुकडा तांदूळ आणि जुलै २०२३ मध्ये बिगरबासमती पांढरा तांदूळ भारताने अचानक रोखला. पश्चिम आफ्रिकेतली गरीब कुटुंबे तोच तुकडा खातात. कांदा अडवल्यावर लासलगाव जसे पेटते तसा तिथला बाजार पेटतो, एवढेच की त्याची बातमी आपल्याकडे येत नाही.

आता कापूस, तो मराठवाड्याच्या अधिक जिव्हाळ्याचा. मानवत, सेलू, माजलगावच्या बाजारात कपाशीची पहिली गाडी लागते तेव्हा तिचा भाव न्यूयॉर्कच्या वायद्यात ठरलेला असतो. हिशेब करून पाहा. वायदा सेंट प्रति पौंडात बोलतो, आपण रुईच्या खंडीत. खंडी ३५६ किलोची, म्हणजे ७८४ पौंड. समजा वायदा ७० सेंट आणि डॉलर ८५ रुपये. ७८४ गुणिले ०.७० गुणिले ८५ म्हणजे सुमारे ४६,६५० रुपये खंडी, किलोला १३१. एक क्विंटल कापसातून जिनिंगमध्ये ३४ किलो रुई, ६४ किलो सरकी आणि दोन किलो घट निघते. रुईचे ४,४५५ रुपये. सरकी ३२ रुपये किलो धरली तर २,०४८. बेरीज ६,५०३. त्यातून जिनिंग-प्रेसिंग, हमाली, वाहतूक वजा केली की सव्वासहा हजारांच्या आसपास कास्तकाराच्या हाती. जहाजभाडे आणि प्रतवारीचा फरक इथे बाजूला ठेवला आहे. लांब धाग्याचा २०२५-२६ चा हमीभाव ८,११० रुपये. न्यूयॉर्कला एक सेंट हलला की मानवतला क्विंटलमागे सुमारे ६४ रुपये हलतात, हा आकडा प्रत्येक बाजार समितीने फळ्यावर लिहून ठेवावा असा आहे.

२०२२ मधली काही महिन्यांची सूट सोडली तर फेब्रुवारी २०२१ पासून आयात कापसावर ११ टक्के शुल्क होते. वरच्या हिशेबात ते क्विंटलमागे जवळपास ४९० रुपयांचे छप्पर होते. १९ ऑगस्ट २०२५ रोजी ते ३० सप्टेंबरपर्यंत म्हणून काढले, आणि नऊ-दहा दिवसांत मुदत ३१ डिसेंबरपर्यंत नेली. तेव्हा मराठवाड्यात कपाशी पात्या-बोंडांवर होती. बियाणे, खत, फवारणी सगळा खर्च रानात गेला होता. सूतगिरण्यांना स्वस्त रुई हवी असते, त्यांच्यावर २७ ऑगस्टपासून अमेरिकेचे ५० टक्के शुल्क आदळणार होते, हे खरे. पण ती सवलत मे महिन्यात जाहीर केली असती तर निदान काही एकर कपाशीऐवजी सोयाबीन झाले असते. कापूस महामंडळाची खरेदी आहे, मान्य. तिथे ८ टक्के ओलाव्याला पूर्ण भाव, पुढे टक्क्याला टक्का कपात आणि १२ च्या वर माल परत. ऑक्टोबरात दवात वेचलेला कापूस ट्रॉलीत दाबून भरला की मीटर १४-१५ दाखवतो आणि शेतकरी बाहेर उभ्या व्यापाऱ्याकडे वळतो. ऊन खाल्ल्यावर, दहानंतर वेचणी करून दोन दिवस पातळ पसरवला तर हे टळते; पण मजूर सकाळीच मिळतात.

याच कापसाची दुसरी बाजू पश्चिम आफ्रिकेत आहे. माली, बुर्किना फासो, बेनिन आणि चाड. तिथला कापूस हातवेचणीचा, क्विंटलला ४० ते ४२ किलो रुई देणारा, आपल्यापेक्षा उजवा. जून २००३ मध्ये बुर्किना फासोचे अध्यक्ष जिनिव्हात जागतिक व्यापार संघटनेपुढे गेले आणि म्हणाले की आम्हाला मदत नको, श्रीमंत देशांनी आपल्या कापसाची अनुदाने थांबवावीत. अमेरिकेत तेव्हा कापूस पिकवणारे जेमतेम २५ हजार होते आणि त्यांच्यावर वर्षाला अब्जावधी डॉलर खर्च होत. संघटनेच्या कॅनकूनच्या बैठकीत या चार देशांच्या तोंडाला पाने पुसली गेली.

पुढे ब्राझील लढला. अमेरिकेच्या कापूस अनुदानाविरुद्ध संघटनेत २००२ मध्ये सुरू केलेला खटला त्याने २००५ मध्ये अपिलातही जिंकला. अमेरिकेने फारसे बदलले नाही, तेव्हा २००९ मध्ये ब्राझीलला सुमारे ८२.९ कोटी डॉलरच्या प्रतिकारवाईची परवानगी मिळाली. अमेरिकी वस्तूंवर आणि पेटंटवर घाव बसणार म्हटल्यावर अमेरिकेने २०१० पासून ब्राझीलच्या कापूस संस्थेला वर्षाला १४.७३ कोटी डॉलर द्यायला सुरुवात केली आणि २०१४ मध्ये ३० कोटी देऊन प्रकरण मिटवले. अनुदानाचे रूप बदलले, ते थांबले नाही. तक्रारदाराचे तोंड बंद झाले. बेनिन आणि चाड या खटल्यात त्रयस्थ पक्ष होते, त्यांना छदाम मिळाला नाही. न्यायाची अंमलबजावणी करायची तर हरलेल्याच्या मालावर शुल्क लावायचे, असा तिथला नियम आहे. चाड अमेरिकेकडून घेतो तरी काय, की त्यावर शुल्क लावल्यावर वॉशिंग्टनला घाम फुटेल? निकाल आहे पण बेलीफ नाही, असे हे व्यापार संघटनेचे कोर्ट. त्यात ११ डिसेंबर २०१९ पासून त्याचे अपील मंडळच बंद आहे, कारण अमेरिका नेमणुका होऊ देत नाही. साखरेच्या अनुदानावर डिसेंबर २०२१ मध्ये भारताविरुद्ध लागलेला निकाल त्याच बंद दारापाशी लटकला आहे. तो लटकणे मराठवाड्याच्या कारखान्यांना सोयीचे आहे, म्हणून आपण त्यावर बोलत नाही, हेही कबूल करायला हवे.

अमेरिकेचे अनुदान आज कसे चालते ते एका आकड्यात कळते. जुलै २०२५ च्या कायद्याने तिथे सरकीसह कापसाची संदर्भ किंमत पौंडाला ३६.७ सेंटवरून ४२ सेंट झाली. किलोत आणि रुपयांत आणा, डॉलर तोच ८५ चा धरा: क्विंटलला सुमारे ७,८७० रुपये. म्हणजे जवळपास आपलाच हमीभाव! फरक असा की बाजार खाली गेला तर तिथे नोंदीतल्या क्षेत्राच्या ८५ टक्क्यांवर फरकाची रक्कम सरकारकडून येते. मीटर नाही, रांग नाही, ट्रॉली परत नाही. भाव पडल्याची कळ त्या शेतकऱ्याला फार लागत नाही, त्यामुळे पेरा हवा तितका कमी होत नाही आणि जागतिक भाव दबलेला राहतो. ती कळ मग सोसावी लागते मालीच्या आणि मानवतच्या शेतकऱ्याला.

जागतिक व्यापार संघटनेच्या हिशेबाच्या वहीतही खोट आहे. भारताचे पाठबळ मोजताना हमीभावातून १९८६-८८ ची संदर्भ किंमत वजा करतात आणि फरकाला हमीभावाला पात्र उत्पादनाने गुणतात. तांदळाची ती किंमत टनाला २६२.५१ डॉलर धरली जाते. तेव्हापासूनच्या महागाईचा मोठा भाग ‘अनुदान’ म्हणून आपल्या नावावर चढतो. मर्यादा उत्पादनमूल्याच्या १० टक्के. नोव्हेंबर २०१८ मध्ये अमेरिकेने याच सूत्राने भारताच्या कापूस हमीभावावर बोट ठेवले, आणि गुणाकार महामंडळाच्या खरेदीने न करता सगळ्या उत्पादनाने केला. स्वतः अमेरिकेच्या खात्यात मात्र १९.१ अब्ज डॉलरची जादा मुभा १९९५ च्या करारापासून लिहिलेली आहे. बहुतेक गरीब देशांच्या खात्यात ती शून्य. या वहीतली संदर्भ किंमत मागच्या पाच वर्षांच्या सरासरीवर आणणे, एवढी एक दुरुस्ती झाली तरी मालीच्या बामाकोपासून आपल्या बीडपर्यंतच्या सरकारांना आपल्या शेतकऱ्याला धरून ठेवता येईल.

फक्त बाजार उघडला म्हणजे गरिबी हटते असेही नाही. बांगलादेशला युरोपने २००१ पासून शुल्कमुक्त प्रवेश दिला, कपड्यांच्या धंद्याने लाखो बाया घराबाहेर पडून कमावू लागल्या. आणि त्याच धंद्यात २४ एप्रिल २०१३ ला राणा प्लाझा कोसळून ११०० हून अधिक माणसे गेली. शुल्क शून्य झाले तरी मजुरी आणि भिंत तपासायला माणूस लागतोच.

मोझांबिक, मलावी आणि ब्रह्मदेशाशी झालेल्या तूर करारांची मुदत २०२५-२६ पर्यंतची होती. पुढच्या मसुद्यात टनांच्या आकड्याशेजारी तीन गोष्टी लिहिल्या जाव्यात, असे आमचे केंद्रीय वाणिज्य आणि कृषी मंत्रालयांना सांगणे आहे, आणि मराठवाड्याच्या खासदारांनी ते संसदेत मांडावे: जहाज-भरणीची शेवटची तारीख, तिथल्या शेतकऱ्याला बंदरावर मिळायचा किमान भाव, आणि डाळीच्या रूपात घ्यायचा वाटा. कापसाचे शुल्कही याच धर्तीवर वर्षातून एकदाच ठरावे. दोन्हींची जाहीर करण्याची तारीख ३१ मे असावी. ७ जूनला मृग लागतो आणि त्यानंतर मराठवाड्यात तिफण थांबत नाही. मोझांबिकमध्ये तेव्हा तुरीच्या पेरणीला निदान पाच महिने असतात.

आपले,
कापूस व डाळ व्यापाराचे अभ्यासक, लातूर